भानावर येण्याचा सराव



गेल्या रविवारी आमच्या कल्याण पूर्वेच्या बुद्धविहारात वंदना आटोपली आणि चहा येईपर्यंत मंडळी सतरंजीवरच बोलत बसली. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली. तीत एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, की आठ आठवडे ध्यान करा, तुमचा मेंदू नव्याने घडेल, चिंता पळून जाईल. मुलगा आनंदाने म्हणाला, "बघा, आता विज्ञानानेही मान्य केले."

भिंतीला टेकून बसलेले आमचे एक ज्येष्ठ काका एकदम उसळले. हे काका तरुणपणी पँथरच्या मोर्चात धावलेले, नामांतरासाठी लाठ्या खाल्लेले. ते म्हणाले, "नामांतराच्या वेळी आम्ही डोळे मिटून बसलो असतो, तर १९९४ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले असते काय? आपल्याला डोळे उघडायला शिकविले आहे, मिटायला नाही."

झाले! वादाला तोंड फुटले. दोन्ही बाजूंनी मंडळी बोलू लागली. तेवढ्यात, इतका वेळ कपबश्या विसळत असलेल्या एक ताई पदराला हात पुसत पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, मेंदूचे मला काही कळत नाही. मला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. डोक्यात नुसते चक्र चालू असते. मी काय करू, तेवढे कोणी सांगा."

सगळे गप्प झाले. त्या मुलाजवळ उत्तर नव्हते, काकांजवळ नव्हते आणि माझ्याजवळही नव्हते. ताईंचा प्रश्न घेऊनच मी घरी आलो. या वेळचे सदर त्या तिघांसाठी लिहीत आहे.

आवक-जावक

प्रथम माझीच कबुली देतो. मी कारकून माणूस. बी.कॉम. झालो आणि टेबलाला चिकटलो. अनेक वर्षे माझ्याकडे आवक-जावक विभाग होता. संध्याकाळी ठाण्याला लोकलमध्ये घुसायचे, दुसऱ्याच्या कोपरावर मान ठेवून कल्याणपर्यंत उभे राहायचे, आणि घरी पोहोचताना डोके तापलेल्या तव्यासारखे व्हायचे. रविवारी मात्र मी पंचशीलावर भाषण देत असे. करुणा, मैत्री हे शब्द माझ्या तोंडात बसलेले होते.

२०१७ साली माझा मुलगा सहावीत होता. एका संध्याकाळी गणिताची वही घेऊन तो माझ्याजवळ आला. एकच उदाहरण त्याने तीनदा चुकविले. मी वही हिसकावली, टराटरा फाडली आणि भिंतीवर फेकली. पत्नीने एक शब्दही न बोलता पाने गोळा केली. माझी आई कोपऱ्यात बसली होती. ती एवढेच म्हणाली, "भानावर आहेस का रे बाबा?"

खरी शिक्षा मला पुढे मिळाली. त्यानंतर जिन्यात माझ्या चपलांचा आवाज आला, की मुलगा दप्तर उचलून शेजारच्यांकडे जाऊ लागला. हे माझ्या लक्षात यायलाही दोन महिने गेले. ज्या मुलासाठी मी राबत होतो, तो माझ्या चपलांच्या आवाजाला घाबरत होता. त्याच सुमारास रक्तदाब वाढल्याचे निघाले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि म्हणाले, "डोके शांत ठेवा." कसे ठेवायचे, हे मात्र चिठ्ठीवर नव्हते.

एका मित्राच्या आग्रहाने मी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. आपल्या कल्याणहून हे ठिकाण फार लांब नाही. कसाऱ्याच्या पुढे थळघाट चढला, की इगतपुरी. सत्यनारायण गोएंका यांनी तेथे १९७६ साली धम्मगिरी हे केंद्र सुरू केले. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळे चालते. मोबाइल जमा करायचा, दहा दिवस मौन पाळायचे, पहाटे चारला उठायचे. पहिले तीन दिवस केवळ नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. त्याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवसापासून सर्व शरीरावरील संवेदना पाहायच्या.

खोटे कशाला सांगू? चौथ्या दिवशी मी पळून येण्याच्या बेतात होतो. गुडघे ठणकत होते आणि मन तर दिवसभर कल्याण-ठाणे करीत होते. सहाव्या दिवशी अचानक एक जुने वाक्य आठवले. माझ्या बढतीच्या दिवशी एक सहकारी सर्वांसमोर हसत म्हणाला होता, "तुमचे बरे आहे, तुम्हाला आपोआप मिळते." त्या दिवशी मीही सर्वांबरोबर हसलो होतो. आता त्या आठवणीसरशी छातीत जाळ उठला, जबडा आवळला गेला. तोच जाळ, तोच आवळलेला जबडा, वही फाडताना होता तसाच! तेव्हा उमगले, की राग खरा होता, परंतु पत्ता चुकीचा पडला होता. कचेरीत आलेल्या पत्राचे उत्तर मी माझ्या सहावीतल्या मुलाला पाठविले होते.

आमच्या विभागात एक साधा नियम असतो. पत्र आले, की आधी आवक नोंदवहीत चढवायचे, तारीख-क्रमांक घालायचा. ते कोणाचे, कशाबद्दल, हे पाहायचे. मग टिपणी, मग सही, आणि मगच जावक. नोंद न करता कोणी परस्पर उत्तर धाडले, तर त्याला मेमो मिळतो. कचेरीत मी हा नियम कधी मोडला नाही. घरात मात्र रोज मोडत होतो. मन आले, की तोंड सुटले! ध्यान म्हणजे माझ्या बुद्धीप्रमाणे एवढेच: आवक नोंद झाल्याशिवाय जावक नाही. पालीत याला सति म्हणतात, बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या मराठी अनुवादात सम्यक स्मृती हा शब्द येतो, आजचे लोक माइंडफुलनेस म्हणतात, आणि माझी अडाणी आई त्यालाच भान म्हणते.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हेही कारकूनच होते. ब्रह्मदेशाच्या महालेखापाल कार्यालयात ते कारकून म्हणून लागले आणि १९४८ साली देश स्वतंत्र झाल्यावर पहिले महालेखापाल झाले. आपल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांना ते ध्यान शिकवीत. तेव्हा घरदार, नोकरी आणि फायली सांभाळणाऱ्यांचे हे काम नव्हे, असे कोणी म्हणू नये.

मेंदू दगड नव्हे

आता त्या मुलाच्या चित्रफितीकडे वळू. मेंदू बदलतो काय? होय, बदलतो. पूर्वी डॉक्टर समजत, की मोठेपणी मेंदू पक्का होतो, पुढे फक्त झीज. हे मत आता मागे पडले आहे. आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या बळकट होतात, ज्या वापरात नसतात त्या क्षीण होतात. माळरानावर लोक रोज चालतात तेथे पायवाट पडते, तसेच हे.

लंडनच्या टॅक्सीचालकांना परवाना मिळण्यापूर्वी शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २००० साली एलेनर मॅग्वायर या संशोधिकेने त्यांच्या मेंदूची छायाचित्रे तपासली. जागांची आठवण ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा अंश त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा दिसला, आणि जितकी वर्षे टॅक्सी चालविली तितका अधिक.

परंतु पायवाट चांगल्याच ठिकाणी पडते असे नाही. बंगळूरच्या एनसीबीएस या संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ साली उंदरांवरील एक संशोधन प्रसिद्ध केले. उंदरांना रोज काही काळ जखडून ठेवून सतत ताणाखाली ठेवले. तेव्हा हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखडल्या. उलट भीतीशी संबंधित अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागात फांद्या फोफावल्या. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले, की ताण संपून तीन आठवडे झाले तरी अमिग्डालातील वाढ ओसरली नव्हती. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरीही रोज जखडल्यासारखे उभे राहून प्रवास करणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर विचार करावा. आपण रोज चिडण्याचा सराव करतो, चिंतेचा सराव करतो, आणि मन त्यात तरबेज होत जाते.

मग ध्यानाने उलट वाट पाडता येते काय? १९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात आठ आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. बौद्ध ध्यानातील पद्धत घेतली, धर्माचे वेष्टन काढले आणि दुखण्याने गांजलेल्या रुग्णांना ती शिकविली. तेथून संशोधनाला गती आली. २००५ साली सारा लाझर यांनी, आपल्या विपश्यनेसारखे ध्यान अनेक वर्षे करणाऱ्या २० जणांचा मेंदू तपासला. लक्ष देणे आणि शरीराच्या संवेदना जाणणे यांच्याशी संबंधित काही भागांत त्यांचा थर इतरांपेक्षा जाड आढळला. २०११ साली ब्रिटा होल्झेल यांच्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या वर्गानंतर हिप्पोकॅम्पससारख्या भागांत वाढ दिसली. चित्रफितीतील गृहस्थ बोलत होते ते बहुधा याच अभ्यासावरून. परंतु त्यात ध्यान करणारे फक्त १६ जण होते, हे त्यांनी सांगितले नाही.

हिशेबनीस माणसाला अशा वेळी दुसरी वही मागायची सवय असते. ती दुसरी वही २०२२ साली आली. तिबेटी भिक्खूंच्या मेंदूवरील कामामुळे गाजलेल्या रिचर्ड डेव्हिडसन यांच्याच विस्कॉन्सिनच्या संस्थेने दोनशेहून अधिक निरोगी माणसे घेऊन तोच आठ आठवड्यांचा वर्ग पुन्हा तपासला. मेंदूच्या रचनेत वर्गामुळे झालेला फरक त्यांना आढळला नाही. ध्यानाचा पुरस्कार करणाऱ्यांनीच हे जाहीर केले, ही त्यांची सचोटी. तेव्हा आठ आठवड्यांत मेंदू नव्याने घडतो, हे विधान आज आपण करू नये. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण ऐकलेला आहे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. त्यात आता एवढी भर घालावी, की मोबाइलवर आले म्हणूनही मानू नका.

मग सगळे व्यर्थ काय? तसेही नाही. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ध्यानाच्या ४७ चाचण्या, म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक माणसांची माहिती, एकत्र तपासली. चिंता, उदासीनता आणि दुखणे यांत थोड्या ते मध्यम प्रमाणात आराम पडतो, असे निघाले. मात्र औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस आहे असा पुरावा मिळाला नाही. थोडक्यात, ध्यान ही जादू नाही आणि थोतांडही नाही. तो सराव आहे. सरावाचे जेवढे फळ असते, तेवढे त्याचे आहे.

तात्पुरती शांती आणि कायमचे वळण

आता काकांचा मुद्दा. हा मुद्दा केवळ काकांचा नाही. आपल्या चळवळीत तो पुष्कळांच्या मनात आहे, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. शिबिराहून आलेली काही माणसे म्हणू लागतात, की दुःख फक्त मनात असते. वस्तीत पाणी नाही, हे दुःख मनात नसते, ते नळात असते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांच्या घरच्यांना श्वासाकडे पाहा असे सांगणे हा निर्दयपणा होईल. तेथे गाड्या वाढविण्याची मागणीच करावी लागते.

परंतु बाबासाहेबांनी मनाच्या शिक्षणाला कमी लेखले काय? १९५७ साली प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ काढून अष्टांगिक मार्गाचा भाग पुन्हा वाचावा, अशी माझी काकांना नम्र विनंती आहे. तेथे बाबासाहेबांनी फार मोलाचा भेद केला आहे. केवळ समाधीत मनातील विकार दबलेले राहतात, परंतु ते तात्पुरते. समाधी सुटली, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून मनाला कायमचे वळण लागले पाहिजे. ते सम्यक समाधीने लागते, कारण तीत मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय जडते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. त्याच ग्रंथात ते सांगतात, की धम्म हा मूलतः सामाजिक आहे. माणूस एकटा असेल तर धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की ती निर्माण होते.

वाचकहो, आजचे मेंदूचे अभ्यासक हाच प्रश्न विचारीत आहेत. ध्यानाला बसल्यावर वाटणारी शांती ही तात्पुरती अवस्था, आणि उठल्यावर स्वभावात उरतो तो खरा बदल. बाबासाहेबांनी ही कसोटी यंत्रांच्या कितीतरी आधी लावून ठेवली होती. आपल्याजवळ मेंदूची छायाचित्रे काढायचे यंत्र नाही. परंतु त्याहून खात्रीचे यंत्र घराघरांत आहे. तुमच्या चपलांचा आवाज ऐकून घरातले मूल धावत दारात येते, की दप्तर उचलून शेजारी जाते?

आणि संघर्षाचे म्हणाल, तर माझा अनुभव सांगतो. शिबिरानंतर काही महिन्यांनी त्याच सहकाऱ्याने तेच वाक्य पुन्हा टाकले. छातीत जाळ उठला. या वेळी मी त्याची मनात नोंद केली. दोन श्वास गेले. हसलो नाही आणि ओरडलोही नाही. ड्रॉवरमधून बिंदुनामावलीचे नियम काढले, माझी सेवाज्येष्ठता आणि विभागीय परीक्षेचा निकाल शेजारी ठेवला आणि सगळ्यांसमोर शांतपणे म्हणालो, "यातले आपोआप कोणते, ते दाखवा." टेबलाभोवती शांतता पसरली. पुढे ते वाक्य माझ्या कानावर आले नाही. त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा कचेरीचे उत्तर कचेरीतच दिलेले होते. मुलासाठी काही शिल्लक नव्हते. काका, रागाला मारून टाका असे कोणी म्हणत नाही. त्याला योग्य पत्त्यावर पाठवा, एवढेच.

आपल्या या भागाला हे नवीन नाही. ठाण्याच्या येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तेथे दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कल्याणच्या लोकांचा उल्लेख सापडतो. अठराशे वर्षांपूर्वी आपल्या कल्याणचे सोनार, लोहार, व्यापारी स्वतःच्या कमाईतून डोंगरात खोल्या कोरून देत, आणि भिक्खू पावसाळ्यात तेथे बसून मनाचा अभ्यास करीत. पाऊस सरला, की तेच भिक्खू लोकांत चारिका करीत, उपदेश करीत. बसणे आणि चालणे ही दोन्ही त्यांची कामे होती.

सावधानता

दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. पहिली, ध्यान हे औषध बंद करण्याचे कारण नव्हे. माझी रक्तदाबाची गोळी आजही चालू आहे. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी दहा दिवसांच्या कडक शिबिराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. दीर्घ मौनात काहींचा त्रास वाढू शकतो. केंद्राच्या अर्जातही आजाराविषयी विचारतात. तेथे काही लपवू नये.

दुसरी गोष्ट लाजेची. आपल्याकडे कोणी मनाच्या डॉक्टरकडे जातो म्हटले, की लोक हसून म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा." १९०१ सालापासूनच्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाची आपण अशी शिवी करून ठेवली आहे! हाड मोडले तर आपण प्लास्टर घालतो, मन मोडले तर तोंड लपवितो. सलग दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, असे असेल तर ते ध्यानाचे काम नाही, डॉक्टरांचे आहे. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. मराठीतही बोलता येते. फोन करण्यात कमीपणा नाही.

ताईंसाठी

ताई, आता तुमच्याशी बोलतो. दहा दिवस इगतपुरीला जाणे तुम्हाला जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. दहा मिनिटे पुरेत. खुर्चीवर बसा, भिंतीला टेकून बसा, मांडीच घालायला हवी असे नाही. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही. येतो-जातो तो नाकाशी जाणायचा. मन मुलीच्या फीकडे जाईल, मालकांच्या कंत्राटी नोकरीकडे जाईल, पहाटेच्या पाण्याकडे जाईल. गेले, की मनात म्हणा, "चिंता आली." नोंद झाली. मग परत श्वासावर या. शंभरदा गेले तर शंभरदा या. मन भटकले म्हणून ध्यान बिघडले असे समजू नका. भटकलेले कळणे आणि परत येणे, हाच सराव. परत येता तेव्हा तुम्ही भानावर येत असता.

शेवटी एक मिनिट आपल्या माणसांसाठी, आणि ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठीही, भले चिंतावे. रात्री झोप आली नाही तर घड्याळाकडे पाहू नका. पडल्या-पडल्या श्वास पाहा. संध्याकाळनंतरचा चहा बंद करा, मोबाइल उशाशी ठेवू नका, आणि उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. इतके करूनही महिनाभरात फरक पडला नाही, तर पत्नीला बरोबर घेऊन मी स्वतः तुमच्यासोबत डॉक्टरांकडे येईन.

गाडीतल्या भावांनाही सांगतो. लोकलमध्ये उभे असताना वर धरलेल्या कडीचा हाताला होणारा स्पर्श जाणा, पायाखालचा थरार जाणा. दारात मात्र डोळे मिटू नका! आणि घराच्या दाराशी आल्यावर बेल वाजविण्यापूर्वी तीन श्वास पायरीवर थांबा. मी गेली काही वर्षे थांबतो. मधे दोनदा हा सराव सुटला, घरात पुन्हा आवाज चढले, पुन्हा धरला. माझा मेंदू बदलला की नाही, मला ठाऊक नाही. मुलगा आता कॉलेजात आहे. मी आलो म्हणून तो शेजारी जात नाही. परवा तर स्वतःहून जमाखर्चाचे एक उदाहरण घेऊन आला. त्यालाही ते तीनदा सुटले नाही. खरे सांगतो, मलाही सुटले नाही. दोघे हसलो.

लेख संपविताना एक गोष्ट सलते आहे. त्या रविवारी विहारात आम्ही पुरुष ध्यान चांगले की मोर्चा चांगला यावर तावातावाने बोलत होतो, आणि ज्या ताईंना शांतीची सर्वांत अधिक गरज होती, त्या आमचे उष्टे कप विसळीत होत्या. ताईंना दहा मिनिटे बसा असे सांगणे सोपे आहे. ती दहा मिनिटे त्यांना मोकळी करून कोण देणार? भान हे आधी येथे यायला हवे.

म्हणून येत्या रविवारपासून विहारात कपबश्या विसळण्याची पाळी पुरुषांची राहील. पहिली पाळी माझी. दुसरी काकांची, मी त्यांच्याशी बोललो आहे. ते आधी गुरगुरले आणि मग म्हणाले, "मोर्चात आम्ही हजार माणसांचा चहा केला आहे, मला काय सांगतोस?" तिसरी चित्रफीतवाल्या मुलाची. तेवढा वेळ ताई आणि इतर भगिनी आत सतरंजीवर शांत बसतील. आपापल्या विहारातही असे करून पाहा, आणि काय झाले ते मला जरूर कळवा.

जयभीम! नमो बुद्धाय!